फाटकावरची मोजणी

पैज सिस्टरांनीच लावली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे सगळा दोष लेकीच्या माथी मारायचा मोह होईल.

सिस्टर म्हणजे लेकीची आई. वय एकाहत्तर. मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या त्या घरात आता त्या एकट्या राहत, आणि तिथल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. कात्री खिळ्याला, चष्मा रेडिओवर, किल्ली दाराशेजारच्या वाटीत.

महिन्यापूर्वी त्या घरात गॅस सुरू राहिला. ज्योत नाही, नुसताच गॅस. शेजारणीला जिन्यात वास आला, तिने बेल वाजवली. "बटण सैल झालंय," असं म्हणून सिस्टरांनी विषय मिटवला. शेजारीण मात्र मिटवणाऱ्यातली नव्हती. संध्याकाळच्या आत लेकीला फोन गेला.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि बसगाड्यांची वेळापत्रकं आखायच्या कचेरीत काम करायची. तिच्या घरी आईसाठी एक खोली दोन वर्षांपासून रिकामी ठेवलेली होती. पडदेसुद्धा लावून झाले होते.

"आई, बटण सैल नव्हतं. मी मेकॅनिकला दाखवलं," लेक म्हणाली.

"मग मेकॅनिक सैल असेल."

लेक हसली नाही. चार दिवसांनी तिने सहज म्हणून विचारलं, "राष्ट्रीय उद्यानात जाऊ या का? ते डोंगरातलं तळं बघू. पायवाट सोपी आहे म्हणतात."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" सिस्टर म्हणाल्या. "मला कितपत जमतंय ते तुला बघायचंय. बघ की! मी वर जाते, खाली येते. वाटेत काही विसरले, काही हरवलं, तर मुकाट्याने बॅग भरून तुझ्याकडे येते. आणि नाही विसरले, तर वर्षभर त्या पडद्यांचं नाव काढायचं नाही."

"ठरलं," लेक म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की सिस्टर मनातून चरकल्या. पण तोंडातून निघालेला शब्द परत गिळायची त्यांची पद्धत नव्हती.

लेकीचं घर वाईट नव्हतं हो. जावई भला माणूस, नात आजीवर जीव टाकणारी. सिस्टरांना भीती होती ती दोन शब्दांची: 'राहू दे'. "राहू दे आई, मी करते." "राहू दे आजी, तू बस." प्रेमानेच म्हणतात माणसं, आणि एकेक काम हातातून काढून घेतात. मग उरतं काय, तर एक खुर्ची आणि एक खिडकी. ते त्यांनी पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत बघितलं होतं.

तर ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी साडेसातला मायलेकी उद्यानाच्या फाटकावर हजर झाल्या. फाटकाशेजारी पत्र्याच्या छपराची चौकी होती, चौकीपुढे लांब टेबल, आणि टेबलामागे पिकल्या मिशांचा रखवालदार.

"आजी, पिशव्या उघडा. प्लास्टिक जेवढं असेल तेवढं बाहेर काढा."

"आजी मी माझ्या नातीची. तुम्ही सिस्टर म्हणा."

"बरं, सिस्टर. पण पिशवी उघडा." त्याने कोऱ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं. "जेवढे नग आत जातील तेवढे बाहेर आले पाहिजेत. रिकामं वेष्टनसुद्धा नग धरतो आम्ही. वर जाणारा प्रत्येक जण म्हणतो, मी काहीच टाकत नाही. मग डोंगर काय स्वतःच बिस्किटं खातो?"

सिस्टरांना हा माणूस तिथल्या तिथे आवडला. त्यांनी वस्तू टेबलावर ओळीत मांडायला सुरुवात केली आणि प्रत्येकीला हात लावून मोठ्याने मोजल्या. पाण्याच्या बाटल्या तीन. डबे दोन. बिस्किटांचे पुडे दोन. ब्रेडची पिशवी एक. चॉकलेटं दोन. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट एक.

"अकरा," सिस्टर म्हणाल्या.

"अकरा," रखवालदार म्हणाला आणि त्याने तो आकडा चिठ्ठीवर लिहिला. चिठ्ठी लेकीने जॅकेटच्या खिशात ठेवली.

पायवाट खरंच सोपी निघाली, निदान पहिला तासभर. उंच सरळ झाडांमधून वळणं घेत ती चढत होती आणि ठरावीक अंतरावर दगडांवर पिवळ्या रंगाचे पट्टे मारलेले होते. लेकीने वेळापत्रक आणलंच होतं. सव्वानऊला पहिला पूल, दहाला ओंडक्यांचं बाक, अकराला तळं, दीड वाजता परतीची वाट. "तुझ्या बसगाड्या तरी कधी वेळेवर येतात का गं?" सिस्टरांनी विचारलं. "बसला आई नसते ना बरोबर, म्हणून उशीर होतो," लेक म्हणाली. दोघी हसल्या. पैज लागल्यापासून पहिल्यांदाच दोघी एकदम हसल्या होत्या.

ओंडक्यांच्या बाकावर बसल्यावर लेकीने विचारलं, "ते फाटकावर तू मोजलंस तसंच थिएटरमध्ये मोजायचीस?"

"तसंच. हात लावून. आठवून मोजायचं नाही, हा पहिला नियम. आठवण फसवी असते, ती आपल्याला हवं तेच सांगते. रक्त टिपायचे गॉजचे तुकडे, सुया, चिमटे, जे जे टेबलावर आलं ते ते मोजायचं. पोट उघडायच्या आधी एकदा, शिवायच्या आधी एकदा, शिवून झाल्यावर एकदा."

"आणि एक कमी आलं तर शिवायचं नाही."

"एक जास्त आलं तरीही नाही. जास्त आलं म्हणजे आधीची मोजणी चुकली. मग भरवसा ठेवायचा कशावर?"

पुढची गोष्ट लेकीला पाठ होती, तरी तिने ती ऐकून घेतली. सिस्टर सव्वीस वर्षांच्या असताना एका मोठ्या सर्जनने शिवायला दोरा मागितला आणि सिस्टर म्हणाल्या, गॉजचा एक तुकडा कमी आहे. सर्जन चवताळले. तुला मोजता येत नाही, म्हणाले. रुग्ण टेबलावर, भूल उतरत आलेली. तरी सिस्टरांनी दोरा दिला नाही. वीस मिनिटांनी तो तुकडा सापडला. आतच होता, यकृतामागे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या सर्जनांनी सिस्टरांची मान हलल्याशिवाय कधी दोरा मागितला नाही.

"त्या दिवशी बोलले नसते," सिस्टर नेहमीप्रमाणे शेवटी म्हणाल्या, "तर कुणाला कळलंही नसतं. मला सोडून." आणि उठल्या.

शेवटचा चढ दगडी पायऱ्यांचा होता. तिथे मात्र सिस्टरांची दमछाक झाली. दर दहा पायऱ्यांना त्या थांबायच्या आणि झाडं बघत असल्याचा आव आणायच्या. लेकही आपल्या बुटाची नाडी फारच वेळा बांधत होती. आई थांबली की हिची नाडी सुटायचीच. सिस्टरांना ते कळत होतं आणि बरंही वाटत होतं.

मग पायऱ्या संपल्या आणि तळं दिसलं.

ते त्यांच्या कल्पनेपेक्षा लहान होतं. तिन्ही बाजूंनी करडे कडे आणि मधे हिरवं, स्वच्छ, गार पाणी. इतकं स्वच्छ, की काठाजवळ तळाचा दगड न् दगड दिसत होता. वारा नव्हता. सिस्टर एका सपाट खडकावर बसल्या, बूट-मोजे काढून ठेवले आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. लेकीने ब्रेड आणि उकडलेली अंडी काढली, दोघींनी खाल्ली, बिस्किटं खाल्ली, चॉकलेटं खाल्ली. नंतर लेक फोटो काढायला पलीकडच्या काठाकडे गेली.

किती वर्षांनी सिस्टरांनी काहीच मोजलं नाही! खाली गेल्यावर काय होईल, पडदे कुठल्या रंगाचे असतील, दुधाची पिशवी परवा दोनदा का आणली गेली, यातलं काही डोक्यात नव्हतं. पाण्यात ढग होता, तो सरकत होता, आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या. यजमान असते तर म्हणाले असते, सिस्टर, आज ड्यूटी नाही वाटतं? त्यांची आठवण आली आणि डोळे भरून आले. पुसावे असंही वाटलं नाही.

एक वाजून गेल्यावर त्या भानावर आल्या. आवराआवर करायला हवी होती. लेक अजून पलीकडेच होती. सिस्टरांनी डबे पुसले, वेष्टनांच्या घड्या घातल्या आणि एकेक वस्तू पिशवीत टाकत मनातल्या मनात मोजायला लागल्या. मधेच तहान लागली म्हणून पाणी प्यायल्या. मग पुन्हा मोजत गेल्या. दहा, अकरा, बारा.

बारा.

त्या तशाच बसल्या. सकाळी किती होत्या? अकरा. अकराच ना? की बारा होत्या? चिठ्ठी लेकीच्या खिशात. पिशवी पुन्हा रिकामी करावी म्हणून त्यांनी हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, दीड वाजला! चल, मी घेते पिशवी." आणि लेकीने चेन ओढून पिशवी पाठीला लावलीसुद्धा.

थांब म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण थांब म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगितलं की पडदे आलेच. सव्विसाव्या वर्षी सर्जनपुढे ताठ उभी राहिलेली बाई एकाहत्तराव्या वर्षी पोटच्या पोरीपुढे मूग गिळून गप्प बसली.

उतरताना गुडघे दुखत होते, पण त्यांचं लक्ष गुडघ्यांकडे नव्हतं. सकाळचं टेबल त्या डोळ्यांपुढे आणायच्या. बाटल्या तीन. डबे दोन. मग पुडे दोन होते की तीन? जितकं आठवावं तितकं ते टेबल धूसर व्हायचं. गॅसचंही असंच झालं होतं. दूध उतरवलं होतं हे आठवत होतं, बटण फिरवलं होतं हेही आठवत होतं. अगदी बोटांना आठवत होतं. आणि तरी जिन्यात वास होता.

"गप्प का गं?" लेकीने विचारलं.

"उतारावर बोलू नये. दात पडतात."

"तुझे सगळे शाबूत आहेत की."

"म्हणूनच म्हणते."

चारला दहा मिनिटं कमी असताना त्या फाटकावर पोचल्या. वेळापत्रकाच्याही आधी. लेक खुशीत होती. तिने पिशवी टेबलावर पालथी केली, रखवालदाराने चिठ्ठी घेतली आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक वस्तू बाजूला सारली.

"अकरा," तो म्हणाला. "आत अकरा, बाहेर अकरा. शाबास, सिस्टर! आज सकाळपासून हिशोब चोख जुळलेल्या तुम्ही तिसऱ्याच." त्याने चिठ्ठीवर सही ठोकली.

लेक आईकडे वळली. तिचा चेहरा विचित्र झाला होता. हरल्याचं वाईट वाटावं तसा नाही. उलट कसलं तरी ओझं उतरावं तसा. "जिंकलीस, आई. वर्षभर पडद्यांचं नाव नाही."

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठीत अकरा, टेबलावर अकरा. कुणाची तक्रार नाही. वस्तू पिशवीत भरायच्या, गाडीत बसायचं, आणि संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या खुर्चीत. कुणाला कळणारही नव्हतं. त्यांना सोडून.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पिशवी बंद करू नका. मोजणी जुळत नाही."

"जुळली की हो!" रखवालदार म्हणाला.

"वर मी बारा मोजल्या होत्या."

सिस्टर टेबलाजवळ आल्या. त्यांनी पुन्हा सगळं ओळीत मांडलं आणि एकेका वस्तूवर हात ठेवत मोठ्याने मोजलं. एक. दोन. तिसऱ्या बाटलीवर हात आला, तिचं झाकण अर्धवटच लावलेलं होतं, आणि त्यांना उलगडा झाला. मोजता मोजता ही बाटली पिशवीतून काढून त्या पाणी प्यायल्या होत्या. परत ठेवताना ती पुन्हा मोजली गेली होती.

"वस्तू अकराच आहेत," त्या म्हणाल्या. "वर काही पडलेलं नाही. चुकले ते मी. एक बाटली दोनदा मोजली, आणि चुकल्याचं कळल्यावरही बोलले नाही. अख्खा डोंगर उतरले, पण बोलले नाही." मग एकदा तोंड उघडलंच होतं, तर बाकीचंही बाहेर आलं. "बटण सैल नव्हतं. गॅस मीच सुरू ठेवला. परवा दूध दोनदा आणलं. गेल्या आठवड्यात रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून घेतलीच नाही. मी हरले. बॅग भरते."

रखवालदाराला अचानक चौकीत काहीतरी काम आठवलं. तो आत निघून गेला. शहाणा माणूस.

लेक टेबलाशेजारच्या बाकावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती बोलली ते वेगळंच. "आई, थिएटरमध्ये तू एकटी मोजायचीस?"

"छे! एकटीने कधी मोजायचं नसतं. दोघी लागतात. एक हात लावून आकडा बोलते, दुसरी बघते आणि तोच आकडा मोठ्याने परत म्हणते. मग फळ्यावर लिहायचा. एकटीची मोजणी मोजणीच धरत नाहीत, मग ती कितीही हुशार असो."

"मग घरी आठ वर्षं एकटी का मोजतेस?"

सिस्टर लेकीशेजारी बाकावर बसल्या आणि दुखरे पाय पुढे पसरले.

"रोज आठला मी फोन करीन," लेक म्हणाली. "गॅस, दार, गोळी. तू मोजायचं, मी परत म्हणायचं. तुझ्या घरी, तुझ्या खुर्चीत."

"आणि पैज?"

"पैज तू मोडलीस. स्वतःहून हरलीस, त्याला काय अर्थ आहे?"

सिस्टर विचार करत होत्या. अशी सूट घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "एका अटीवर," त्या शेवटी म्हणाल्या. "दोघींनी मोजूनही ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी मी येते. तू विचारायचं नाहीस, मी वाद घालायचा नाही. तो दिवस येणार आहे, हे मला माहीत आहे. मी नर्स आहे, मला कुणी शिकवायला नको. पण तो आला की दोघींना एकदम कळू दे. मला एकटीला नको."

लेकीने मान हलवली. मग आईचा हात हातात घेतला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी बरोबर आठला फोन वाजला. सिस्टर खुर्चीत होत्या. पाय गरम पाण्याच्या बादलीत, गुडघ्यांना मलम, अंगात उठायचं त्राण नाही.

"दार?" लेकीने विचारलं.

दार खुर्चीच्या हाताशीच होतं. "कडी लावलेली," सिस्टर कडी चाचपत म्हणाल्या.

"कडी लावलेली. गोळी?"

"घेतली. पाकीट हातात आहे, आजच्या गोळीची जागा रिकामी."

"घेतली. गॅस?"

"बंद."

मग लेकीने हळूच विचारलं, "हात लावून?"

सिस्टरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. सात पावलं. बटण फिरवल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. बोटांना आठवत होतं. "थांब," त्या म्हणाल्या. ओले पाय बादलीतून काढले, भिंतीला धरत सात पावलं गेल्या आणि बटणावर हात ठेवला.

"बंद," त्या म्हणाल्या. "हात लावून."

"बंद," लेकीने पलीकडून मोठ्याने परत म्हटलं.